वच्छलाकाकूंचं घासणं आणि निववणं

वच्छलाकाकूंनी माझ्या गालाला हात लावला, तेव्हा मला त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. वळकटी अजून खांद्यावरच होती. नाव, गाव, जात, पगार यांपैकी काहीही न विचारता त्या पुढे आल्या, बोटांची मागची बाजू माझ्या गालावरून फिरवली आणि आत मागावर बसलेल्या नवऱ्याला ओरडून म्हणाल्या, "वीस नंबर हाय जी! गोनपाटाले जवळ!"

आतून रामाजीकाका हसले आणि मागाची खटखट पुन्हा सुरू झाली.

पवनीच्या विणकर मोहल्ल्यात सुताला नंबर असतात हे मला ठाऊक होतं. जाडं सूत वीस नंबरचं, त्याहून बारीक चाळीसचं, आणि धोतराला लागणारं ते शंभराच्या घरातलं. पण माणसाच्या कातडीलाही तेच नंबर लागतात हे मला त्या दिवशी कळलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच लागलेला. स्वतःला शहाणा समजण्याचं ते वय. एका बाईनं उंबऱ्यातच आपल्याला गोणपाट ठरवावं, याचा मला रागच आला होता. पण माझ्या तोंडावर मुरूम इतके होते की रागानं तोंड लाल झालेलंही कोणाला कळलं नसतं.

सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. त्या काळी पवनीत नवरी मुलगी ठरली, की लग्नाच्या दोन-तीन महिने आधी तिची आई तिला घेऊन काकूंकडे यायची. काकूंचं औषध म्हणाल तर फक्त दोन पुड्या. एका पुडीत लाखोरीच्या डाळीचं जरा भरड पीठ आणि वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड. हे घासायचं. दुसऱ्या पुडीत जवसाची पूड आणि पळसाची वाळलेली फुलं कुटून. ही पाण्यात उकळली की बुळबुळीत खळ तयार व्हायची. ती गार करून लावायची. हे निववायचं. लाखोरी आणि जवस धानाच्या बांधीतले, म्हणजे भातखाचरातले, पळस रानातला, संत्र्याच्या साली रामाजीकाका बाजारातून मागून आणायचे. सगळ्या छपरावर साली वाळत असायच्या आणि उन्हाळ्यात माझ्या खोलीला चोवीस तास संत्र्याचा वास यायचा. या वासाचा पुढे माझ्या अकलेशी संबंध येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जिन्नस कोणालाही माहीत होते. काकू लपवत नसत. "घ्या अन् करा घरी," म्हणायच्या. पण लोक यायचे काकूंच्या हातासाठी. किती घासायचं, कधी थांबायचं, आणि थांबल्यावर किती दिवस नुसतं निववायचं, हे त्यांच्या बोटांना कळायचं. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं, हा नियम तर जिल्हाधिकाऱ्याची मुलगी आली असती तरी मोडला नसता.

मी नियम मोडला. चोरून मोडला.

साकोलीकडे एकोडीला मला एक मुलगी पाहायला जायचं होतं. काकू नदीवर गेल्या होत्या. खिडकीत घासायची पुडी दिसली. मी विचार केला, काकू आठवड्यातून एकदा हलक्या हातानं घासतात आणि दोन महिन्यांत फरक पडतो. म्हणजे एकाच दिवशी आठ वेळा जोरात घासलं तर सकाळपर्यंत फरक पडायला हवा. हे गणित मी केलं, आणि मी विज्ञान शिकवत होतो. घासून झाल्यावर, अजून थोडं विज्ञान शिल्लक होतं म्हणून, वरून लिंबू पिळलं.

एकोडीला पोचलो तेव्हा माझं तोंड पिकलेल्या टमाट्यासारखं झालं होतं. डोळे पाणावलेले. चहाची वाफ लागली तरी आग व्हायची, म्हणून कपबशी हातभर लांब धरून बसलो होतो. मुलगी समोर येऊन बसली, मी वर पाहिलंसुद्धा नाही. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला: "मास्तर चांगले असतीन, पन सकाळपासूनच घेऊन राह्यतात असं दिसते."

आयुष्यात मी दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही. पुढे माझं लग्न झालं, ते वेगळ्या मुलीशी आणि वेगळ्या तोंडानं.

त्या दिवशी एकोडीहून परतलो, तेव्हा काकू अंगणात सूत गुंडाळत होत्या. माझ्याकडे एक नजर टाकली आणि सुताची गुंडी खाली ठेवली.

"काय केलं जी मास्तर?"

"काही नाही. ऊन लागलं."

"उनाले संत्र्याचा वास येते का?"

मग मला खाटेवर निजवून तोंडावर गार खळ थापली आणि तासभर उठू दिलं नाही. हा तास मला एकोडीपेक्षा जड गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हाताला धरून मला गल्लीत नेलं.

गल्लीत रामाजीकाकांचा ताणा लावलेला होता. घरापासून पार विहिरीपर्यंत, बांबूच्या काठ्यांवर शेकडो धागे ताणलेले. काका आणि शेजारचे एक विणकर दोन्ही बाजूंनी लांब कुंचा धरून त्या धाग्यांवरून चालत होते. धाग्यांना तांदळाची पातळ खळ दिलेली होती आणि कुंच्यानं ती बसवत जायचं होतं.

"पाहा," काकू म्हणाल्या. "कुंचा काहून फिरवतेत?"

"खळ पसरायला."

"अन् नुसता कुंचाच फिरवला तं?"

"धागा साफ होईल."

"तुटन! कोरड्या सुतावर कुंचा फिरवा, दहा हात जात नाही तं पटपट तुटते. अन् नुसती खळच देल्ली, कुंचाच नाही फिरवला, तं धागे एकमेकाले चिपकून दोरखंड होते. दोन्ही पाह्यजे. घासाचं तितकं निववाचं. अन् कुंचा कोन्या अंगानं चालून राह्यला?"

"एकाच."

"मांगं-पुढं नाही ना करत? तुमी काल कसं घासलं तोंड?"

मी जसं घासलं होतं ते करून दाखवलं. कुंचा धरलेले दोघंही थांबून हसायला लागले, आणि काकांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणे ताण्यातला धागा त्यांच्या हातून तुटला.

एवढं सगळं ज्ञान त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. लिहिता-वाचता येत नव्हतं. सासरी आल्यावर पहिली काही वर्षं त्या नुसती खळ शिजवायच्या, आणि खळीत बुडवून-बुडवून त्यांचे स्वतःचे हात मात्र फाटलेले, भेगाळलेले. कोणी म्हटलं की दुसऱ्यांची तोंडं नीट करता, स्वतःच्या हातांना काही लावा, तर हात उलटेपालटे करून पाहायच्या आणि म्हणायच्या, "हे कामाचे हात हायेत बाप्पा. हे नवरीचे नाहीत." या वाक्यात खंत शोधायला गेलात तर सापडणार नाही. मी शोधली आहे.

एकदा एका मोठ्या धान व्यापाऱ्याची बायको मुलीला घेऊन आली. बैलगाडीत गादी घालून. म्हणाली, "पोट्टीले गोरी करून द्या. पाहिजे थे मागा."

काकूंनी मुलीच्या गालावरून बोटं फिरवली. "ऐंशी नंबर," म्हणाल्या. "मस्त कातडी हाय. काय खराबी हाय हिच्यात?"

"काळी हाय ना."

"मंग तुमी रंगाऱ्याकडे जा. मी सूत नीट करतो, रंगवत नाही."

बाई रागावून निघाली. मुलगी मात्र गाडीत चढताना मागं वळून काकूंकडे पाहून हसली. तिच्या लग्नाच्या आधी ती एकटीच दोनदा येऊन गेली, आईला न सांगता.

आता माझ्या दुसऱ्या, मोठ्या पराक्रमाकडे येतो.

कोंढ्याची सुमन. शेतकऱ्याची मुलगी, रंगानं सावळी, स्वभावानं गरीब. तिच्या तोंडावर मुरमांचे वण होते आणि तेवढ्या कारणावरून तिची एक सोयरीक मोडली होती. मुलगा पाहून गेला आणि त्याच्या घरचे म्हणाले, आम्हाला तोंड खराब झालेली पोरगी नको. ते गावात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते. दुसरी सोयरीक जुळली तेव्हा तिची सखूआत्या तिला काकूंकडे घेऊन आली. तीन महिने सुमन दर आठवड्याला पवनीला यायची. काकू स्वतःच्या हातानं घासत, स्वतःच्या हातानं निववत. वण पुसले नाहीत, पण कातडी शांत झाली, आणि सुमन मान वर करून बोलायला लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

लग्नाला आठ दिवस राहिले, की नवरीनं घराबाहेर पडायचं नाही. म्हणून काकूंनी दोन पुड्या बांधल्या. घासायची पुडी जाड सुतानं बांधलेली, निववायची बारीक सुतानं. वाचता न येणाऱ्या काकूंची ही खूण मोहल्ल्यात सगळ्या बायकांना अंधारातही बोटांनी कळायची. सुमनला निरोप होता: जाड सुताची पुडी एकदाच, बारीक सुताची रोज. मी परीक्षेच्या कामाला कोंढ्याच्या शाळेत जाणार होतो, म्हणून पुड्या माझ्याकडे दिल्या.

मी सायकल काढणार, एवढ्यात माझ्यातला शिक्षक जागा झाला. शेतकऱ्यांच्या घरी सुताचे नंबर कोणाला कळणार? त्यापेक्षा काचेच्या दोन स्वच्छ बरण्या घ्याव्यात, त्यांवर ठळक अक्षरात चिठ्ठ्या चिकटवाव्यात. शास्त्रीय पद्धत. मी दोन्ही पुड्यांची सुतं सोडली, गुंडाळून खिशात ठेवली, दोन्ही पुड्या कागदावर उघडल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की दोन्ही पुड्यांचा रंग सारखाच तपकिरी-नारिंगी आहे.

काकू मागच्या अंगणात होत्या. वीस पावलांवर. जाऊन विचारलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण एकोडीनंतर त्यांच्या पुढ्यात पुन्हा मूर्ख ठरायची माझी तयारी नव्हती. मी वास घेतला. एका पुडीला संत्र्याचा वास येत होता. आणि संत्रं तर थंड! उन्हात नागपुरी संत्रं खाल्लं की जीव निवतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे हीच निववायची. जिन्नस मी कधी लक्ष देऊन ऐकले नव्हते, आणि एकोडीच्या दिवशी माझ्याच भाजलेल्या तोंडाला हा वास येत होता, हेही आठवलं नाही. मी तिच्या बरणीवर माझ्या उत्तम वळणाच्या अक्षरात लिहिलं: "निववण्याचे. रोज जाड लेप लावावा. पूर्ण वाळू द्यावा." आणि दुसऱ्या बरणीवर: "घासण्याचे. एकदाच."

सातव्या दिवशी, हळदीच्या सकाळी, कोंढ्याहून सुमनचा काका सायकलवर घाम गाळत आला. "काकू, चला लवकर. पोरीचं तोंड सुजलं."

पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. मीही गेलो, कारण त्या पुड्या मी उघडल्या होत्या.

सुमन आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. काकूंनी तिला वळवलं. गाल लाल, सालं निघालेली, डोळ्यांखाली सूज. सात दिवस ती बिचारी भरड पिठाचा जाड थर लावून, वाळवून, खरवडून काढत होती. आग झाली तर सखूआत्या म्हणायची, झोंबते म्हणजे लागू पडून राहिलं.

आता तीच आत्या ओसरीत उभी राहून ओरडत होती. "एक सोयरीक तोंडापायी मोडली, आता हे बी मोडन! सांजच्याले नवरदेवाकडची हळद येऊन राह्यली. काय दाखवू त्याइले? पवनीच्या बाईनं पोरीचं वाटोळं केलं. सांगतो मी गावोगाव, तुह्या दारात कोनी पोरगी पाठवन तं!"

काकूंनी बरणी उचलली. झाकण काढलं, वास घेतला, चिठ्ठीवरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं, पण अक्षर कोणाचं हे कळायला वाचावं लागत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांबाकडे पाहिलं.

"बरनी माह्या घरून आली," काकू आत्याला म्हणाल्या. "चूक माही. आता ओरडू नको. जवस आन घरचे, चूल पेटव, अन् तांदळाची पातळ पेज करून गार होऊ दे."

सुमन हळूच म्हणाली, "काकू, मले वास वेगळाच वाटला होता. पन मास्तरांचं अक्षर होतं ना."

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. चांगलं अक्षर असल्याबद्दल शाळेत मला दोनदा बक्षीस मिळालं होतं.

दुपारभर काकू सुमनपाशी बसून होत्या. आधी गार पेजेनं तोंड पुसलं, मग जवसाची खळ, मग रामाजीकाकांनी विणलेल्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा ओला करून वर. तो गरम झाला की बदलायचा. घासायचं नाव नाही. कोणी खोलीत डोकावलं तर काकू नुसतं बोट दाखवायच्या, की माणूस मागं फिरायचा.

ऊन उतरताना नवरदेवाकडच्या बायका हळद घेऊन आल्या. गाणी म्हणत, वाजतगाजत. रीत अशी, की नवरदेवाला लावलेली हळद नवरीच्या तोंडाला लागली पाहिजे. काकू दारात उभ्या राहिल्या.

"हाताले लावा, पायाले लावा. तोंडाले नाही."

गाणी थांबली. नवऱ्या मुलाची आई पुढे झाली. उंच, जाड काचेचा चष्मा, बोलायला कडक. "काहून? तोंडाले काय झालं? काय लपवून राह्यल्या तुमी?"

काकूंनी दाराची चौकट धरली. खरं सांगितलं तर सांगावं लागणार की चूक कोणाची. त्यांनी एकदा स्वतःच्या अंगावर घेतलेली गोष्ट त्या परत द्यायला तयार नव्हत्या. सखूआत्या पदराचं टोक चावत होती. आत सुमनचा श्वास ऐकू येत होता.

आणि मी, ज्यानं आयुष्यात वेळेवर फक्त घंटा वाजवली, तो मधे जाऊन उभा राहिलो. "माझ्यामुळं झालं," म्हणालो. मग थांबताच येईना. सुतं सोडली ते सांगितलं, बरण्या सांगितल्या, चिठ्ठ्या सांगितल्या. "आणि मला वाटलं संत्रं थंड असते, म्हणून तेच निववायचं असन."

नवऱ्या मुलाच्या आईनं चष्मा काढला.

"मास्तर, तुमी पोरांले शिकवता काय जी?"

"विज्ञान."

तिनं पदर तोंडाला लावला. पण हसू आवरलं नाही. मागच्या बायका हसल्या, सखूआत्यासुद्धा हसली, आणि आत सुमन हसल्याचा आवाज मी ऐकला. त्या दिवसाइतकं मी कोणाला हसवलं नाही, आणि त्या दिवसाइतकं मला कधी बरं वाटलं नाही.

हसणं थांबल्यावर काकूंनीच दार सोडलं. "या विहीन, पाहून घ्या," म्हणाल्या. "लपवाचं काही नाही. लग्न उद्या सांजच्याले हाय. तवापर्यंत मले द्या. तोंड नाही निवलं तं पवनीत माह्यं नाव घेऊ नका."

त्या बाईनं आत जाऊन सुमनची हनुवटी वर केली, नीट पाहिलं. मग खाली बसून तिच्या पायाला हळद लावली. तोंडाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंडावळ्यांच्या मागं सुमनचं तोंड सावळं, स्वच्छ आणि गार होतं. गालावर थोडी लाली उरली होती; पण नवरीच्या गालावर लाली असतेच. वण होते तिथंच होते. तिनं मात्र मान खाली घातली नव्हती. अंतरपाट दूर झाला, तेव्हा ती नवऱ्याकडे सरळ पाहत होती.

काकू मांडवाच्या कडेला उभ्या होत्या, फाटलेले हात पदराखाली न लपवता. मी जवळ गेलो. वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी बोटांची मागची बाजू माझ्या गालावरून फिरवली.

"तीस नंबर झालं जी मास्तर," म्हणाल्या, आणि जेवायला बसल्या.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली झाली आणि मी पवनी सोडली. मोहल्ल्यातले बरेच माग एकेक करून बंद पडले, असं ऐकत होतो. पत्र लिहिलं तर काकूंना कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागणार, म्हणून मी लिहायचं टाळत राहिलो. खरं कारण आळस.

चारेक वर्षांनी भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या गाडीत होतो. कोंढ्याला गाडी थांबली. समोर पवनीहून आलेली गाडी उभी होती, तिच्या पुढच्या दारानं कोणीतरी म्हातारी बाई उतरत होती. कंबर वाकलेली, हातात कापडी पिशवी. तिला घ्यायला पाच-सहा बायका आलेल्या, आणि सगळ्यांच्या पुढं सखूआत्या. केस पांढरे झालेले, आवाज तोच.

"सरका बाजूले! काकूले उतरू द्या! पिशवी इकडं आना." आणि भोवती जमलेल्या लोकांना, कोणी विचारलं नसताना, सांगत होती, "माह्या नातीचं लग्न हाय. पवनीहून मुद्दाम आनलं काकूले. दुसरं कोनी चालत नाही आमाले."

मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन "काकू! काकू!" अशी हाक मारली. आमची गाडी सुरू झाली होती. काकूंनी कोणाकडे तरी वळून पाहिलं, पण माझ्याकडे नाही. एक मुलगी, बहुतेक नवरीच, घाईघाईनं पुढं आली होती आणि काकूंनी तिच्या गालावर बोटं ठेवली होती. सखूआत्या छत्री उघडून काकूंच्या डोक्यावर धरत होती, आणि स्वतः उन्हात चालत होती.